माळ्यावरचे जुने स्पीकर नव्या टीव्हीला चालतील का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या दिवाळीत आमच्या इमारतीच्या जिन्याखाली थर्माकोलचे तुकडे आणि भलेमोठे खोके कितीतरी दिवस पडून होते. नव्या टीव्हीचं चित्र झकास असतं, यात वाद नाही. आवाज मात्र किरटा. टीव्ही जेवढा पातळ, तेवढी आत स्पीकरला जागा कमी, आणि तोही बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसवलेला. संवाद कळेनात म्हणून आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीत अंगावर येतं.

मग कुणाला तरी माळा आठवतो. तिथून काय काय निघतं: बाबांच्या वेळच्या म्युझिक सिस्टिमचे दोन लाकडी खोके, नंतर हौसेने घेतलेल्या 'होम थिएटर'चे पाच चिमुकले डबे (त्यांचा डीव्हीडी प्लेअर केव्हाच गेला), कॉम्प्युटरचा टू पॉइंट वन (दोन छोटे स्पीकर आणि एक बेसचा खोका), आणि भाच्याने वाढदिवसाला दिलेला ब्लूटूथ स्पीकर. एवढं सगळं घरात आहे तर ते एकत्र जोडून थिएटर का होऊ नये?

"बिनधास्त लावा, स्पीकरच आहेत ना" असं सांगणारे भेटतात, आणि "हात लावू नका, अॅम्प (स्पीकरला वीज पुरवणारा अॅम्प्लिफायर) जळेल" असं सांगणारेही. दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. दोन स्पीकरचं चार बाबतींत जुळत नाही: वीज, आवाजाची पातळी, वेळ आणि आवाजाची जात. पहिल्या बाबतीत चुकलं तर पैसे जातात. दुसऱ्या-तिसऱ्यावर इलाज आहे आणि तो बहुतेक वेळा फुकट आहे. चौथ्यावर खरा इलाज नाही, आणि नेमकं तिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही.

## आधी खोक्याची पाठ वाचा

स्पीकर उलटा करा. तार जोडायच्या लाल-काळ्या टर्मिनलपाशी एक पट्टी चिकटवलेली असते. धूळ पुसून तिच्यावर तीन आकडे शोधायचे.

पहिला ओहमचा. बहुधा ८, ६ किंवा ४; तयार होम थिएटर संचांच्या डब्यांवर ३ सुद्धा दिसतो. स्पीकर विजेला किती अडवतो, त्याचं हे माप. आकडा लहान म्हणजे अडवणूक कमी, म्हणजे तो अॅम्प्लिफायरकडून जास्त करंट ओढणार.

दुसरा डेसिबलचा, 'डीबी' असा लिहिलेला. ८५, ८८, ९१ असं काहीतरी. याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले (८ ओहमच्या स्पीकरमध्ये ते बरोबर १ वॅट होतात) तर १ मीटरवर किती आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. जुन्या स्वस्त डब्यांवर तो नसतोच.

तिसरा वॅटचा. हा सगळ्यात ठळक छापलेला आणि सगळ्यात कमी कामाचा. एकेकाळी टू-इन-वनवर हजारांत 'पीएमपीओ' वॅट लिहिलेले असायचे. पीएमपीओ मोजायची ठरलेली अशी पद्धतच नाही. कंपनी म्हणेल तो आकडा. 'आरएमएस', म्हणजे सतत पेलवणारे वॅट, लिहिलेले असतील तेवढेच खरे धरा.

## ओहम जुळले नाहीत तर काही जळतं का?

सगळ्यात जास्त घोळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

पुढे ८ ओहमचे आणि मागे ६ ओहमचे स्पीकर लावले तर काय होतं? काहीच नाही. टीव्हीचा आवाज घेऊन पाच-सात स्पीकरना वाटणारी जी पेटी असते, एव्ही रिसीव्हर, तिच्या पोटात प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा अॅम्प्लिफायर असतो. पुढच्या डाव्याच्या अॅम्प्लिफायरला मागच्या उजव्याच्या ओहमशी काही देणंघेणं नाही. रिसीव्हरच्या पाठीवर कमीत कमी किती ओहम चालतील ते छापलेलं असतं. '६ ते १६' असं असेल तर ३ ओहमचे चिमुकले डबे त्याला लावू नयेत. ६ च्या वरचे कसेही मिसळा.

अनर्थ होतो तो एकाच टर्मिनलला दोन स्पीकर बांधल्यावर. एक जोडी हॉलमध्ये, दुसरी बेडरूममध्ये, दोन्हींच्या तारा पिळून एकाच भोकात. गच्चीवरच्या टाकीच्या एकाच पाइपवर दोन मजल्यांचे नळ एकदम उघडले तर प्रत्येक नळ आपापलं पाणी घेतो आणि टाकीतून दुप्पट जातं, तसंच हे. ८ ओहमचे दोन स्पीकर असे जोडले की अॅम्प्लिफायरला ते मिळून ४ ओहमचे दिसतात. ४ चे दोन जोडले तर २. एक ४ चा आणि एक ८ चा जोडला तर साधारण २.७, आणि वर त्या दोघांत ४ ओहमवाला ८ वाल्याच्या दुप्पट वीज खातो. हळू आवाजात काही जाणवत नाही. शनिवारी रात्री पाहुणे आले, आवाज चढवला, की रिसीव्हर 'टक्' करून बंद पडतो. हे त्याचं संरक्षण आहे, बिघाड नव्हे. पण तो बंद काचेच्या शोकेसमध्ये कोंबलेला असेल, डोक्यावर सेट टॉप बॉक्स असेल आणि मे महिना असेल, तर त्या संरक्षणाच्या भरवशावर राहू नये.

काही अॅम्प्लिफायरवर 'ए', 'बी' आणि 'ए अधिक बी' अशी बटणं असतात. तिथे 'ए अधिक बी'साठी वेगळी किमान ओहमची अट लिहिलेली असते. ती वाचा.

"मग एकामागोमाग एक जोडू, म्हणजे सिरीजमध्ये," असं इलेक्ट्रिशियन सुचवतो. त्यात ओहमची बेरीज होते, ८ आणि ८ मिळून १६, अॅम्प्लिफायर सुखात राहतो. पण पट्टीवरचा ८ हा ढोबळ आकडा असतो. खरा स्पीकर सुरागणिक बदलतो: कुठे ५ पर्यंत उतरतो, कुठे ३० पर्यंत चढतो. दोन्ही स्पीकर एकाच जातीचे असतील तर ते सोबत चढतात-उतरतात आणि निभून जातं. वेगवेगळे असतील तर एकाच्या चढउतारामुळे दुसऱ्याची वीज कमीजास्त होते आणि दोघांचाही आवाज बिघडतो. एकवेळ चालवून घ्या, पण हॉलच्या मुख्य जोडीसाठी नको.

दोन सापळे आणखी. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) काही शे रुपयांना डिजिटल अॅम्प्लिफायरचे छोटे बोर्ड मिळतात आणि पैशाच्या मानाने छान वाजतात. पण त्यांतल्या बहुतेकांत स्पीकरची काळी, म्हणजे वजा तार जमिनीला जोडलेली नसते. तिच्यातूनही सिग्नल जातो. जुन्या सवयीने डाव्या-उजव्याच्या काळ्या तारा एकत्र केल्या की बोर्ड गेला. दुसरा सापळा मंडळाच्या सामानातून येतो. मंडपातले भोंगे आणि भिंतीवरचे लांबट स्पीकर बऱ्याचदा '१०० व्होल्ट लाइन'चे असतात. त्यांच्या आत एक ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. ते घरच्या अॅम्प्लिफायरला थेट लावले तर आवाज अगदीच बारीक येतो. आपण नॉब पिळत राहतो आणि हाती काही लागत नाही.

## वॅट कमी असलेला स्पीकर फुटेल का?

५० वॅटचा स्पीकर १०० वॅटच्या अॅम्प्लिफायरला लावला म्हणून जळत नाही. अॅम्प्लिफायर १०० वॅट आत ढकलत नसतो. नॉब जेवढा फिरवाल तेवढेच जातात, आणि दहा बाय बाराच्या खोलीत रोजच्या आवाजाला एक-दोन वॅटही पुष्कळ होतात. उलट लहान अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर रेटला की आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजातली वीज सगळ्यात आधी ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, मारते. म्हणून आकड्यांपेक्षा कानाचं ऐका. आवाज कर्कश व्हायला लागला की खाली करा.

## एक ओरडतो, दुसरा कुजबुजतो

आता सेन्सिटिव्हिटीचा आकडा कामाला येतो. पुढचे ८४ डीबीचे आणि मधला ९० चा असेल तर तेवढीच वीज देऊनही मधला ६ डीबीने मोठा वाजेल. ६ डीबी म्हणजे चौपट विजेचा फरक. पुढच्यांना त्याच्या बरोबरीला यायचं तर चौपट वॅट लागतील. (४ ओहमच्या स्पीकरचा आकडा थोडा फसवा असतो. २.८३ व्होल्टवर तो १ ऐवजी २ वॅट खातो, म्हणून कागदावर ३ डीबी जास्त दिसतात.)

रिसीव्हर असेल तर इलाज सोपा. मेन्यूत प्रत्येक स्पीकरची पातळी वेगळी कमीजास्त करता येते. 'टेस्ट टोन' लावला की एकेका स्पीकरमधून फस्स असा आवाज येतो. मोबाईलवर आवाज मोजायचं फुकट ॲप घ्या, सोफ्यावर जिथे डोकं टेकता तिथे मोबाईल धरा आणि सगळे एका आकड्यावर आणा. मोबाईलचा आकडा अचूक नसेना का. प्रत्येक स्पीकरसाठी तो सारखाच चुकतो, आणि आपल्याला फरकच काढायचा आहे.

साध्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरवर ही सोय नाही. तिथे 'बॅलन्स'चा एकच नॉब.

## वेळ: ब्लूटूथवाले इथे फसतात

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. पुढचा स्पीकर ३ मीटरवर आणि मागचा खुर्चीशेजारी १ मीटरवर असेल तर मागचा साधारण ६ मिलिसेकंद आधी कानाशी येतो. हे किरकोळ वाटतं, पण आपला कान वेळेच्या बाबतीत फार काटेकोर आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये आपल्या प्रबंधात हेच तपासलं. तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान ते दोन आवाज एकच समजतो आणि जो आधी पोचला त्याच्या दिशेला तो बसवतो. साधारण ३०-४० मिलिसेकंदांपर्यंत ही किमया चालते. त्यापुढे दोन आवाज सुटे होतात, बोलणं प्रतिध्वनीसारखं ऐकू येतं.

रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टाकायची जागा असते. टेपने मोजून फूट किंवा मीटर भरा. जवळच्याला किती थांबवायचं ते पेटी स्वतः ठरवते. स्पीकर कुठल्याही कंपनीचा असला तरी हे जमतं.

ब्लूटूथचं मात्र जमत नाही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे तारेच्या स्पीकरमधून "थांब" ऐकू येतं आणि मागच्या कपाटावरून पुन्हा "थांब". तारेवाल्यांनाही तेवढंच थांबवलं तर ओठ आणि शब्द यांची ताटातूट होते, कारण टीव्हीचं चित्र मागे खेचायची सोय सहसा नसते. नुसती गाणी ऐकायची असतील तर गोष्ट वेगळी. सिनेमासाठी ब्लूटूथ स्पीकरला संचात घेऊ नका. त्याच कारणाने टीव्हीचे स्वतःचे स्पीकर मेन्यूतून बंद करा. दोन्हीकडून आवाज आला की थोडा घुमटल्यासारखा वाटतो आणि लोक दोष जुन्या स्पीकरला देतात.

## आवाजाची जात

बाजाच्या पेटीवर काळी एकचा षड्ज धरा आणि तोच बासरीवर वाजवा. पट्टी तीच, पातळी तीच, तरी डोळे मिटून सांगता येतं कुठली पेटी नि कुठली बासरी. या वेगळेपणाला गाण्यातली माणसं आवाजाची जात म्हणतात. स्पीकरलाही जात असते, आणि खरं तर ती नसायला हवी. आदर्श स्पीकरने जे आलं ते जसंच्या तसं द्यावं. प्रत्यक्षात कागदी वूफर, रेशमी किंवा धातूचा ट्विटर, दोघांमधला क्रॉसओव्हर (जाड सूर वूफरला, बारीक सूर ट्विटरला वाटून देणारं सर्किट), खोक्याचा आकार आणि प्लायवुडची जाडी, हे सगळं आपला रंग मिसळतं.

एकेकटा ऐकला तर हा रंग काही वेळाने कानाला सवयीचा होतो. दोन रंगांचे स्पीकर शेजारी आले की खटकायला लागतो. पडद्यावर रिक्षा डावीकडून उजवीकडे जाते; मधल्या स्पीकरपर्यंत ती खरी रिक्षा असते, पुढे पत्र्याची होते. नायिका चालत चालत बोलते आणि अर्ध्या वाक्यात तिचं नाक चोंदतं. बघणाऱ्याला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, फक्त सिनेमातून लक्ष उडतं.

स्टिरिओची सगळी करामत यावरच उभी आहे. ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये जिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला ती कल्पना अशी की दोन स्पीकरमधून योग्य प्रमाणात आवाज सोडला तर गायक दोघांच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, उभा असल्याचा भास होतो. हा भास टिकायचा तर डावा आणि उजवा एकसारखे हवेत. एक लाकडी आणि एक प्लास्टिकचा लावलात तर गायक मधे उभा राहत नाही. जाड सुरांना एकीकडे झुकतो, बारीक सुरांना दुसरीकडे.

म्हणून एका नियमात मी तडजोड करत नाही: जोडी फोडायची नाही. डावा आणि उजवा एकाच मॉडेलचे, एकाच वयाचे. जोडीतला एक गेला असेल तर उरलेला बाजूला ठेवा किंवा द्या कुणाला तरी.

## "पण रिसीव्हरसोबत माईक येतो की, तो सगळं जुळवतो"

हा आक्षेप मला दर वेळी ऐकायला मिळतो आणि तो चुकीचा नाही. रिसीव्हरच्या खोक्यात एक छोटा माईक असतो, तो सोफ्यावर ठेवला की पेटी प्रत्येक स्पीकरमधून सूं-सूं आवाज काढते आणि पातळी, अंतर, शिवाय सुरांचा तोल स्वतः बसवते. पातळी आणि अंतर ती माणसापेक्षा बरं जुळवते. तोल जुळवण्यालाही मर्यादेपर्यंत अर्थ आहे.

मर्यादा अशी की माईकला त्या एका जागी पोचलेली बेरीज कळते. स्पीकर नुसता समोर आवाज फेकत नाही. बाजूला, वर, खालीही फेकतो, आणि तो भिंतींवरून परतून येतो. दोन स्पीकरचा समोरचा आवाज सारखा केला तरी बाजूला जाणारा आवाज वेगळाच राहतो, कारण तो ट्विटरच्या रचनेवर आणि क्रॉसओव्हरवर ठरतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात स्पीकर पडद्याआड लपवून लोकांना ऐकवले. ज्यांचा समोरचा आवाज सपाट आणि बाजूचाही सुरळीत होता, तेच लोकांना आवडले. बाजूचा बिघडलेला आवाज इक्वलायझरने, म्हणजे सुरांचा तोल कमीजास्त करून, सुधारत नाही. त्याला हात लावला की समोरचा बिघडतो.

तेव्हा माईक जरूर लावा. तो फरक कमी करतो, मिटवत नाही. आणि माईक आवाज मोजत असताना घरचा पंखा बंद ठेवा, कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या.

## मग कुठे काय खपतं?

जागेप्रमाणे उत्तर बदलतं. पुढची जोडी एकसारखीच हवी, ते झालं. सगळ्यात नाजूक जागा मधल्या स्पीकरची, म्हणजे सेंटरची. सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात आणि सतत डाव्या-उजव्याशी देवाणघेवाण चालू असते. तो पुढच्या जोडीच्याच मालिकेतला असावा. नुसता त्याच कंपनीचा असून भागत नाही. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांचे ट्विटर वेगळे असतात.

जुळणारा सेंटर नसेल तर? तर सेंटर लावूच नका. हे ऐकून लोकांना अर्धवट सेट घेतल्यासारखं वाटतं, पण रिसीव्हरच्या मेन्यूत सेंटर 'नाही' म्हणून सांगितलं की त्याचे संवाद डाव्या-उजव्यात समान वाटले जातात आणि ब्लूमलाइनच्या त्याच भासाने पडद्याच्या मधोमध येतात. बेसूर सेंटरपेक्षा हा भास केव्हाही बरा. अट एकच, बघणारे साधारण मध्यावर बसलेले हवेत. टोकाच्या खुर्चीवरच्या माणसाला संवाद जवळच्या स्पीकरमधून येताना वाटतील. तसं तर दोन वूफर आडवे ठेवलेले सेंटरही टोकाला बसणाऱ्याशी नीट वागत नाहीत. दोन वूफरचे आवाज तिथे एकमेकांना खातात.

मागच्या सराउंडना, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणाऱ्या स्पीकरना, मोकळीक आहे. तिथे पाऊस, गर्दी, टाळ्या, वाजलंच तर थोडं संगीत. जुन्या होम थिएटरच्या चिमुकल्या डब्यांचं हे खरं ठिकाण, ओहम पाहून घेतले की झालं. दोघं आपसात सारखे असावेत एवढंच. डबे लहान असल्याने जाड सूर त्यांच्या आवाक्याबाहेर. मेन्यूत त्यांना 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (इथे ज्या सुराच्या खालचं सगळं दुसऱ्या स्पीकरकडे जातं ती सीमा) १२० किंवा १५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांवर, ठेवा.

सबवूफर, म्हणजे फक्त सगळ्यात जाड सुरांचा खोका, कुठल्याही कंपनीचा चालतो, शंभर टक्के. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वाचार मीटरच्या वर, तुमच्या खोलीपेक्षा मोठी. एवढ्या खालच्या सुराची दिशाही कानाला कळत नाही आणि त्यात जात ओळखण्याजोगं काही उरत नाही. फक्त तो स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला हवा. तयार संचातला नुसता खोका, ज्याची तार संचाच्याच पेटीत जायची, तो रिसीव्हरच्या 'सब आउट'ला लावून वाजणार नाही.

आणि साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबट स्पीकरपट्टी, यात धरू नका. त्याला जुने स्पीकर जोडता येत नाहीत; त्याला सराउंड हवे असतील तर त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलसाठी बनवलेलेच.

## मुंबईच्या खोलीत

गिरगाव-दादरचा हॉल असो की विरारचा, सोफा बहुतेक मागच्या भिंतीला टेकलेला असतो. एका बाजूला खिडकी किंवा ग्रिल, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची चौकट. सराउंड मागे ठेवायला जागाच नसते. हरकत नाही, कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे, बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे वर लावा.

खोली स्वतःही एक न जुळणारा स्पीकर आहे, म्हणाना. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ५७ आणि ४७ हर्ट्झच्या आसपास भिंतींमध्ये आवाज साचतो. ढोलाचा एखादाच ठोका घुमतो आणि बाकीचे हरवतात. सब एक-दोन फूट सरकवला तरी फरक पडतो. तो जमिनीवरून उचलून जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवला तर खडखड जरा कमी होते, पण जाड सूर स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोचणारच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' असतो. तो मोठे आवाज दाबतो, संवाद तसेच ठेवतो. शेजारी टिकवायला तो पुरतो.

माळ्यावरून काढलेल्या स्पीकरची आधी तब्येत बघा. जाळी काढा आणि वूफरच्या कडेची वळी बोटाने हलकेच दाबा. रबराची असेल तर लवचीक लागेल. फोमची असेल आणि बोटाला काळी पूड लागली, तर ती गेली. दमट हवेत फोम कुजतो. कागदी कोन आणि बाकी सगळं शाबूत असेल तर स्पीकर दुरुस्त करणारे नुसती कड बदलून देतात. मात्र जोडीतल्या दोन्हींची एकदमच बदला.

मग लाल-काळ्याची खातरी. जुन्या तारांचे रंग उडालेले असतात, पूर्वीच्या कुणी उलट जोडून ठेवलेलं असतं. जोडीतला एक उलटा लागला की बेस गायब होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर विरघळतो. तपासायला भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्पीकर अॅम्प्लिफायरपासून सोडवा, सेलची अधिक बाजू लाल टर्मिनलला, वजा काळ्याला, क्षणभर टेकवा. वूफरचा कोन 'ठप्' करून पुढे आला तर बरोबर, आत गेला तर उलट.

## सगळं विकून नवा संच घ्यावा का?

लाकडी खोक्यांची जोडी धडधाकट असेल तर मुळीच नको. चांगली मोठी जोडी आणि नवा रिसीव्हर हे नव्या स्वस्त पाच डब्यांच्या संचापेक्षा बहुतेक वेळा सरस वाजतं. रिसीव्हरही लगेच हवा असं नाही. जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर चालू असेल तर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपासून (प्रकाशाने डिजिटल आवाज देणारं भोक) तो साध्या तारेवर आणणारी एक छोटी कन्व्हर्टर डबी लावून दोनच स्पीकरवर सिनेमा बघा. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम', म्हणजे साधा डिजिटल आवाज, निवडायला विसरू नका. स्वस्त डबीला डॉल्बीचा सांकेतिक आवाज कळत नाही, ती मुकी बसते आणि दुकानदाराला शिव्या पडतात.

पुढे खर्च करायचाच झाला तर आधी रिसीव्हर, मग सब, मग जोडीच्या मालिकेतला सेंटर. जुनं मॉडेल बंद झालं असेल तर सेकंडहँड शोधा. न मिळाल्यास वर सांगितल्याप्रमाणे सेंटरविना राहा. दुकानात सेंटर घ्यायला जाताना आपल्या जोडीतला एक स्पीकर पिशवीत घालून न्या आणि एकाच बोलक्या आवाजाची बातमी दोन्हींवर आलटून पालटून लावायला सांगा. गाणी नकोत. माणसाच्या बोलण्यात कान सगळ्यात लवकर फरक पकडतो. दुकानदार कुरकुरेल, पण लावेल.

तारेवर मात्र पैसे उधळू नका. दहा-पंधरा फुटांसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची दुहेरी तार पुरते. आतलं तांबं अस्सल आहे ना, तेवढं टोक खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमची आहे, परत द्या.